आधी कृमीचे नाव, मग गव्हाचा वाण

शेतकऱ्याला कृमीच्या लॅटिन नावाशी काय देणेघेणे, असे कोणीही विचारील आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. पीक पिवळे पडले, खुरटले, उतारा घसरला तर उपाय हवा. नाव जर्मनीत ठेवले की ताजिकिस्तानात, याने पोते भरत नाही. तरीही वनस्पतींच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींच्या बाबतीत उपाय नावापासूनच सुरू होतो. ते नाव ठरवताना नुसत्या सूक्ष्मदर्शकावर किंवा नुसत्या डीएनएवर विसंबले तर फसगत ठरलेली असते. हे पटवून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. जयपूरच्या आसपासचा गव्हा-सातूचा पट्टा पुरेसा आहे.

जयपूर, सीकर, झुंझुनू, अलवर या भागांतल्या वाळूसर, हलक्या जमिनीत रब्बीच्या पिकावर ‘मोल्या’ नावाचा रोग पडतो. सगळे शेत एकदम जात नाही. मधेमधे पिवळट, ठेंगण्या रोपांचे पट्टे दिसतात, त्यांना फुटवे कमी, ओंब्या बारीक. पाहणारा म्हणतो की खत कमी पडले किंवा पाणी पोचले नाही. रोप उपटले की मुळे खाली सरळ न जाता झुपक्यासारखी गुंतलेली आढळतात. पेरणीनंतर दोनेक महिन्यांनी नीट पाहिले तर त्या मुळांना टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढरे चकचकीत ठिपके चिकटलेले असतात. या मोल्या आणणाऱ्या सूत्रकृमीच्या फुगलेल्या माद्या. मादी मरते तेव्हा तिचे शरीर कडक, तपकिरी होते आणि आतली शेकडो अंडी त्या कवचात सुरक्षित राहतात. हीच पुटी. उन्हाळा, पावसाळा ती मातीत निवांत काढते आणि पुन्हा थंडी पडून गहू पेरला गेला की तिच्यातली पिल्ले हळूहळू बाहेर पडतात. काही अंडी पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवली जातात. भारतात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५८ मध्ये, सीकर जिल्ह्यातल्या नीम का थाना इथे. १९७० मध्ये मांडलेल्या एका अंदाजाप्रमाणे एकट्या राजस्थानात मोल्यामुळे गव्हाचे वर्षाला चार कोटी आणि सातूचे अडीच कोटी रुपयांचे नुकसान होत होते. त्या काळचे रुपये होते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायला हवा.

या कृमीला हेटेरोडेरा एव्हेनी हे नाव लावले गेले. वोलेनवेबर यांनी १९२४ मध्ये युरोपातल्या कृमीला दिलेले हे नाव राजस्थानातल्या कृमीलाही सहज बसले आणि त्याच्या आधारावर काम पुढे सरकले. जयपूरच्या दुर्गापुरा संशोधन केंद्राने सातूचा ‘राजकिरण’ आणि पुढे ‘आरडी-२०३५’, ‘आरडी-२०५२’ असे मोल्याला दाद न देणारे वाण दिले. गव्हात ‘राज मोल्या रोधक-१’ आला. रोधक वाण म्हणजे नेमके काय, हे इथे पाहिले पाहिजे, कारण नावाचा सारा मुद्दा त्यातच दडलेला आहे. सूत्रकृमीचे पिल्लू मुळात शिरते, सुईसारख्या मुखशूलाने पेशी टोचते आणि आपले स्राव सोडून आजूबाजूच्या पेशी एकत्र करून त्यांची आयती खानावळ बनवते. मादीला पूर्ण वाढ होईपर्यंत त्याच जागी बसून खायचे असते. रोधक वाणातला एखादा जनुक हा स्राव ओळखतो आणि त्या पेशींची वाढच होऊ देत नाही. पण जनुक ओळखतो तो ठरावीक कृमीला. गव्हातला ‘क्रे-१’ हा जनुक युरोपातल्या पुटी सूत्रकृमीसमोर चांगला टिकतो, तर आशियातल्या काही कृमींसमोर लुळा पडतो. म्हणजे ‘पुटी सूत्रकृमीला रोधक’ एवढे लिहिलेले वाक्य अर्धे आहे. कोणत्या पुटी सूत्रकृमीला, हे उरलेले अर्धे.

हे उरलेले अर्धे सोडून दिल्याची किंमत इंग्लंडने मोजली आहे. तिथल्या बटाट्यात ‘एच-१’ नावाचा जनुक असलेला ‘मॅरिस पायपर’ हा वाण १९६६ मध्ये आला. बटाट्याच्या पुटी सूत्रकृमीवर तो रामबाण वाटला आणि बेसुमार लावला गेला. तोवर बटाट्यावरचा हा कृमी एकच प्रजाती मानला जाई. माद्यांचा रंग मात्र दोन तऱ्हांचा दिसे. काही पांढऱ्यातून सोनेरी होत जात, काही मलईच्या रंगाच्याच राहत. स्टोन यांनी १९७३ मध्ये या दुसऱ्या तऱ्हेच्या कृमीला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिले. आज तिला ग्लोबोडेरा पॅलिडा म्हणतात, सोनेरीला ग्लोबोडेरा रोस्टोकिएन्सिस. ‘एच-१’ जनुक सोनेरीला अडवतो, पॅलिडाला नाही. शेतकरी दरवर्षी रोधक वाण लावत गेले, सोनेरी कृमी उपाशी मेला आणि त्याची रिकामी जागा पॅलिडाने घेतली. आज इंग्लंडच्या बटाट्याच्या शेतांत पॅलिडाचेच राज्य आहे आणि तिला हटवणे सोनेरीपेक्षा कितीतरी अवघड आहे. भारतात बटाट्याचा हा कृमी १९६१ मध्ये निलगिरीत सापडला आणि तिथेही पुढे दोन्ही प्रजाती निघाल्या. एका नावाखाली दोन प्राणी दडलेले असले की रोधक वाण एकाला मारतो आणि दुसऱ्याला पोसतो. ही भीती हवेतली नाही.

आता राजस्थानकडे आणि त्याच्या शेजाऱ्यांकडे वळू. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या ठिकाणचे ‘हेटेरोडेरा एव्हेनी’ वेगवेगळ्या वाणांवर सारखे वागत नाहीत, हे प्रयोग करणाऱ्यांच्या ध्यानात आले होते. त्यांना एकाच प्रजातीचे रोगप्रकार मानून क्रमांक देण्यात आले. हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या बिष्णोई आणि बजाज यांनी २००४ मध्ये हे नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतले आणि दाखवून दिले की त्यांतले पंजाबाकडचे काही नमुने एव्हेनी नव्हेतच. ती हेटेरोडेरा फिलिपजेव्ही ही प्रजाती आहे, जी १९८१ मध्ये ताजिकिस्तानातून वर्णिली गेली होती. इतकी वर्षे दोन प्रजाती एकाच नावाने वावरत होत्या आणि त्यांच्यातला फरक रोगप्रकाराच्या खात्यात जमा होत होता.

तो फरक दिसतो तरी कुठे? पुटीच्या मागच्या टोकाला. लिंबाच्या आकाराची, एक मिलीमीटरहून लहान पुटी मातीतून चाळून काढायची, पाण्यात मऊ करायची आणि धारदार पात्याने तिचे मागचे निमुळते टोक तेवढे कापायचे. ते स्वच्छ करून काचपट्टीवर उभे बसवले की योनिछिद्राच्या दोन्ही बाजूंना पातळ पडद्याच्या खिडक्या दिसतात. त्यांच्या खाली गडद रंगाच्या गाठी असतात आणि कधी एक आडवा पूल. एव्हेनीत गाठी भरपूर आणि पूल नाही. फिलिपजेव्हीत गाठी आहेत आणि बारीकसा पूलही आहे; शिवाय तिची पुटी एव्हेनीसारखी काळपट न होता सोनेरी तपकिरी राहते. भूमध्य सागराभोवती आढळणाऱ्या हेटेरोडेरा लॅटिपॉन्समध्ये पूल जाड आणि गाठी जवळजवळ नाहीतच. हे काम हातचे आहे. पाते जरा घसरले की पूल तुटतो आणि फिलिपजेव्हीची एव्हेनी होते. जोडीला पिल्लांची मापे घ्यायची: मुखशूल किती मायक्रॉन, शेपटी किती लांब, तिच्या टोकाचा पारदर्शक भाग किती. एका पिल्लाची नव्हे, पुरेशा संख्येने, कारण एका आईची लेकरेसुद्धा एका मापाची नसतात.

जुन्या पद्धतीला कमी लेखणाऱ्यांसाठी राजस्थानातलेच आणखी एक उदाहरण पुढे करावेसे वाटते. उदयपूरकडच्या छापली गावी मक्याच्या मुळांवर सापडलेल्या पुटी सूत्रकृमीचे कोशी, स्वरूप आणि सेठी यांनी १९७१ मध्ये नवी प्रजाती म्हणून वर्णन केले. नाव दिले हेटेरोडेरा झीए. त्या वर्णनात एक ठळक खूण होती: पुलाच्या लगेच खाली बोटांच्या आकाराच्या चार गाठी. त्या वेळी डीएनएचा क्रम वाचण्याची सोयच नव्हती. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये मक्याच्या शेतात पुटी सापडल्या, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांना त्या ओळखता आल्या त्या अशाच वर्णनाच्या बळावर. अरवलीतल्या एका गावात नीट पाहून काढलेले चित्र समुद्रापार कामाला आले. सूत्रकृमीविज्ञानात भारताची पत अशा कामाने वाढली आहे. अलीगढ विद्यापीठाची परंपरा आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला १९६६ पासूनचा सूत्रकृमी विभाग यांनी आकारविज्ञानाचा जो पाया घातला, त्यावर आजही बाहेरचे लोक उभे आहेत. हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

पण मग आकारच पुरे, असेही म्हणता येत नाही. वनस्पतींवर जगणाऱ्या सूत्रकृमींच्या चार हजारांहून अधिक प्रजाती वर्णिल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जवळच्या प्रजातींची मापे एकमेकांत मिसळतात. मातीच्या नमुन्यात नुसती पिल्लेच सापडली तर कापायला पुटी नसते. मुळांवर गाठी आणणाऱ्या मेलॉइडोगायनी गटात अडचण आणखी मोठी आहे. त्यांची ओळख मादीच्या मागच्या भागावरच्या, बोटांच्या ठशांसारख्या रेषांवरून करण्याची रीत चिटवुड यांनी १९४९ मध्ये रुळवली आणि पुढची काही दशके जगभर तीच चालली. चीनमधून १९८३ मध्ये वर्णिलेल्या मेलॉइडोगायनी एन्टेरोलोबीच्या रेषा त्याच गटातल्या इन्कॉग्निटा या प्रजातीच्या रेषांशी इतक्या जुळतात की ती पुष्कळदा इन्कॉग्निटा म्हणूनच नोंदली गेली. टोमॅटोतला ‘एमआय’ हा रोधक जनुक इन्कॉग्निटाला थोपवतो, एन्टेरोलोबी त्याला जुमानत नाही. पेरूच्या बागा सुकवणारी हीच. तमिळनाडूत पेरूवर ती २०१६ मध्ये नोंदली गेली. पेरूची कलमे रोपवाटिकेतून ट्रकने राज्योराज्यी जातात, त्यांच्या मुळांतून कृमीही जातो आणि कोणी मुळे पाहिलीच तर ‘नेहमीचाच निमॅटोड’ म्हणून सोडून देतो.

इथे डीएनएचे काम सुरू होते. एका पिल्लाचा, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या जिवाचा, चुरा करून त्यातला डीएनए मोकळा करायचा. पीसीआर यंत्रात त्यातला नेमका तुकडा लाखो पटींनी वाढवायचा आणि त्याचा क्रम वाचून इतर प्रजातींच्या नोंदींशी ताडायचा. पुटी सूत्रकृमींसाठी रायबोसोमच्या जनुकांमधला आयटीएस हा भाग आणि मायटोकॉन्ड्रियातला सीओआय हा जनुक यांचा वापर सर्वाधिक होतो. पिल्लू असो की मादी, तुटका पूल असो की अखंड, क्रम तोच येतो. ही फार मोठी सोय आहे. सुब्बोतिन आणि सहकाऱ्यांनी या मार्गाने गव्हाच्या पुटी सूत्रकृमींचा धांडोळा घेतला तेव्हा एव्हेनी हे नाव एका प्राण्याचे नसून सारख्या दिसणाऱ्या अनेकांच्या गोतावळ्याचे आहे, हे उघड झाले. ऑस्ट्रेलियातल्या कृमीला २००२ मध्ये हेटेरोडेरा ऑस्ट्रॅलिस असे नाव मिळाले. चीनमधल्या एका प्रकाराला २०१५ मध्ये हेटेरोडेरा स्टुरहानी म्हटले गेले. भारतातल्या एव्हेनीचा आयटीएसही युरोपातल्या एव्हेनीहून किंचित निराळा निघाला. डोळ्यांना जे दिसले नव्हते ते क्रमाने दाखवले.

मग सूक्ष्मदर्शकाची कटकट हवीच कशाला, हा आक्षेप आज सर्वांत जोरात आहे. क्रम वाचणे स्वस्त झाले आहे आणि पाते चालवणारे हात कमी झाले आहेत, म्हणून तो आकर्षकही वाटतो. त्याचे पहिले उत्तर असे की क्रम फरक सांगतो, नाव सांगत नाही. यंत्रातून निघालेली अक्षरे कोणाची, हे जुन्या नोंदीशी ताडूनच ठरते आणि ती जुनी नोंद करणाऱ्याने आपला कृमी चुकीचा ओळखला असेल तर चूक तशीच पुढे जाते, शिवाय यंत्राचा शिक्का बसल्यामुळे खरीही वाटू लागते. जगाच्या सार्वजनिक डीएनए-साठ्यांत असे चुकीच्या नावाचे क्रम आहेत, हे त्या क्षेत्रातले लोकच सांगतात. दुसरे उत्तर कृमीच्या देहातच आहे. आयटीएसच्या एकाच प्राण्याच्या शरीरात अनेक प्रती असतात आणि त्या सगळ्या हुबेहूब नसतात. इन्कॉग्निटा, जॅव्हॅनिका, अरेनेरिया या मुळांवर गाठी आणणाऱ्या तीन नेहमीच्या प्रजाती जुन्या संकरातून आलेल्या आहेत, नराशिवाय प्रजनन करतात आणि त्यांचा आयटीएस जवळपास सारखाच असतो. तिथे हा एक तुकडा वाचून काही उलगडत नाही. तिसरे असे की प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नवे नाव जपून ठेवलेल्या नमुन्याशी बांधले जाते. तो काचपट्टीवरचा नमुना दिल्लीच्या राष्ट्रीय सूत्रकृमी संग्रहासारख्या ठिकाणी असला, तर पन्नास वर्षांनी शंका घेणाऱ्याला तो पाहता येतो. पीसीआरसाठी चुरा केलेले पिल्लू परत पाहता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो वर्गीकरणाच्या आतूनच येतो. किती फरक म्हणजे नवी प्रजाती? शंभरांत एक अक्षर वेगळे की तीन? ऑस्ट्रॅलिस ही खरोखर स्वतंत्र प्रजाती आहे की एव्हेनीचाच स्थानिक प्रकार, यावर तज्ज्ञांत अजूनही एकमत नाही. नवी प्रजाती नोंदवली की शोधनिबंध छापून येतो, जुनी मोडीत काढली तर कोणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे फाटे फोडण्याचा मोह असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र डीएनएने फाटेच फोडले असेही नाही. पोर्तो रिकोमधून १९८८ मध्ये मेलॉइडोगायनी मायाग्वेन्सिस ही नवी प्रजाती म्हणून आली होती. क्रम ताडल्यावर आणि मूळ नमुने पुन्हा पाहिल्यावर ती एन्टेरोलोबीच ठरली आणि २०१२ मध्ये ते नाव रीतसर रद्द झाले. दोन खंडांवर दोन नावांनी फिरणारा कृमी एक झाला. निकाल लागला कारण आकार, डीएनए आणि यजमान पिके या तिघांची साक्ष एका बाजूला पडली. माझ्या मते हाच निकष असावा. एकमेकांवर न विसंबणारे निदान दोन पुरावे एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर नवे नाव द्यावे. एकच पुरावा असेल तर ‘एव्हेनी गटातला’ एवढे लिहून थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

आणि सुरुवातीचा शेतकऱ्याचा प्रश्न? त्यावर कोणी म्हणेल की मोल्यावर पीकपालट हा उपाय नाव न कळताही चालतोच. मोहरी, हरभरा, मेथी घेतली आणि ऐन उन्हाळ्यात दोन-तीन खोल नांगरटी दिल्या की पुट्या कमी होतात. हे खरे आहे. पण तो चालतो कारण एव्हेनी गटातले कृमी फक्त तृणधान्यांवर आणि गवतांवर जगतात, हे नावाबरोबर आलेले ज्ञान आहे. हाच न्याय महाराष्ट्रातल्या तुरीला लावून पाहावा. तुरीवरची हेटेरोडेरा कजानी ही कोशी यांनी १९६७ मध्ये भारतातूनच वर्णिलेली प्रजाती मूग, उडीद आणि चवळीवरही जगते. तुरीच्या शेतात पुट्या आहेत म्हणून पुढच्या हंगामात मूग घेणारा आपल्या मते पीकपालट करतो. कृमीच्या मते ते जेवणच असते. शिवाय जयपूरकडचा लहान शेतकरी घरच्या भाकरीपुरता गहू-सातू दरवर्षी पेरणारच. त्याला पीकपालटीचा उपदेश ठरावीक मर्यादेपर्यंतच लागू पडतो, त्यापुढे त्याला वाणच वाचवतो.

म्हणून मागणी साधी आहे. मोल्यासारख्या रोगाला रोधक म्हणून वाण प्रसारित होतो, तेव्हा तो कोणत्या प्रजातीच्या, कोणत्या गावच्या कृमीसमोर तपासला, हे त्याच्या माहितीपत्रकावर छापलेले असावे. त्या कृमीची काचपट्टी आणि त्याच कृमीच्या डीएनएचा क्रम, दोन्ही एका नोंदणी क्रमांकाखाली जपलेले असावेत. कृषी विद्यापीठांनी पीसीआर यंत्रासाठी पैसे मागताना पुटी कापायला शिकवणारा एक माणूसही मागावा. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींच्या अखिल भारतीय प्रकल्पाचे केंद्र आहे. पेरू किंवा डाळिंबाची बाग लावायच्या आधी कलमाची पिशवी फाडून मुळे पाहावीत आणि गाठी दिसल्या तर मुळे व माती तपासायला द्यावी. देताना ‘निमॅटोड आहे का’ एवढेच न विचारता ‘कोणता आहे’ हेही विचारावे.